सूरजच्या आईचं टेंडर

शेळगाव, ता. इंदापूर
१२ जानेवारी १९९७

तीर्थरूप भावजींना शेळगावच्या घरातल्या सर्वांचा नमस्कार.

हे पत्र यांच्या सांगण्यावरून लिहिते आहे. हे शेजारी बसून तंबाखू मळत आहेत आणि “समदं बेस हाय म्हणून लिव्ह” एवढंच सांगतात. बाकीचं मलाच जुळवावं लागतं. तुमच्या भावाला जन्मात अक्षर कळलं नाही, आणि थोरल्या दिरासमोर धाकट्या भावजयीनं बोलायचं नाही ही आपल्या घरची रीत. त्यामुळे तुमचं-आमचं जे काही बोलणं होतं ते या कागदावरच होतं.

सूरज दहावीचा अभ्यास करतो असं म्हणतो. रानात हुरडा आला आहे, पण तुमच्याशिवाय यांना आगटीपुढं बसवत नाही. अंगावरून वारं गेलेल्या माणसानं घर सोडून बारामतीच्या सैनिक निवासात सरकारी खाटेवर जाऊन पडावं, हे यांना वर्ष होत आलं तरी पटलेलं नाही. हे विचारतात की तिथं तुमची आंघोळ कोण घालतं, कूस कोण बदलतं, खाटेवरून खुर्चीत कसं बसवतात. सगळं खुलासेवार कळवावं.

मी हल्ली इंदापूरला शिवणक्लासला जाते. एसटीनं सकाळी जायचं, दुपारी परत. शेजारच्या दादासोंबरोबर तिळगूळ पाठवला आहे.

आपली,
मालन

———

सैनिक निवास, बारामती
२० जानेवारी १९९७

चि. नानास तात्याबाचे अनेक आशीर्वाद. सूरजच्या आईने हे वाचून दाखवावे.

तिळगूळ पोचला. दादासोने वाटेत निम्मा खाल्ला असावा, कारण देताना तो फार गोड बोलत होता.

इथं मी मजेत आहे. आंघोळ कोण घालतं, हे विचारलेलं वाचून जरा नवल वाटलं, पण काळजीपोटी विचारलं असणार. निवास सरकारी असलं तरी माणसं सांभाळायचं काम ठेक्यावर आहे. सध्याचा ठेकेदार मानसिंग म्हणून आहे, त्याची पोरं आमची आंघोळ घालतात, कूस बदलतात. पोरं आहेत, कधी घाई करतात, कधी विसरतात. आम्ही बर्फात खंदकात झोपलेली माणसं, आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

घर का सोडलं ते नाना, तू पुन्हा पुन्हा विचारू नकोस. तू साखर कारखान्यावर पाळीला जाणार, सूरज शाळेत. मागं घरात कोण राहतं ते तूच बघ. माझ्यासारख्याला दिवसातून चारदा हात लावावा लागतो. जास्त काय लिहू.

एक चांगली बातमी. मानसिंगचा ठेका संपत आला आहे आणि नवीन टेंडर निघणार आहे. ते कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या कमिटीवर इथल्या रहिवाशांचा प्रतिनिधी म्हणून मला घेतलं. हवालदार असताना माझं मत कुणी विचारलं नाही, आता खाटेवर पडल्यावर सरकार विचारतं आहे.

शिवणक्लास चांगला. शिकून झालं की मला एक बंडी शिवून पाठवावी, बाह्या ढगळ हव्यात.

तुझा,
तात्याबा

———

शेळगाव
९ फेब्रुवारी १९९७

तीर्थरूप भावजींना नमस्कार.

दादासोंबरोबर बंडी पाठवली आहे. बाह्या ढगळ आहेत. शिवणीत काही उणं असेल तर नवशिकी म्हणून सांभाळून घ्यावं.

कमिटीचं ऐकून हे चावडीवर जाऊन सगळ्यांना सांगून आले. आता गावात यांच्याशी कुणी बोलायला गेलं की हे आधी खाकरतात. सूरजला शाळेत “सरकारी कामाचे ठेके” या विषयावर निबंध लिहायचा आहे. म्हणून तो विचारतो की टेंडर भरणाऱ्यांना कमिटी काय काय विचारते, त्यांच्या हाताचं काम बघते की नुसते कागद बघते. पोराचे मार्क आहेत, म्हणून जरा सविस्तर कळवावं.

आपली,
मालन

———

बारामती
२ मार्च १९९७

चि. नानास आशीर्वाद. सूरजच्या आईने वाचून दाखवावे.

बंडी अंगात अशी बसली की बाजूच्या खाटेवरच्या आप्पासाहेबांनी शिंप्याचं नाव विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरातच शिवतात. शिवण इतकी सरळ की मशीनवर हात बसायला वर्षं लागतात, सूरजच्या आईला इतक्या लवकर जमलं याचं कौतुक वाटतं.

सूरजच्या निबंधासाठी लिहितो. टेंडरं तीन आली. एक मानसिंगचं, दुसरं पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचं. तिसरं ऐकून हसशील. इंदापूरच्या कुठल्याशा महिला मंडळाचं आहे. अध्यक्ष म्हणून तेजश्री नावाची शिकलेली नर्स आहे, बाकी सगळ्या खेड्यातल्या बायका, तिनं महिनोन्‌महिने शिकवून तयार केलेल्या. आमच्या मिटिंगला ती एकटीच आली होती, बोलायला चांगली आहे. तिचे वडील महार रेजिमेंटला होते, म्हणून कमिटीचे प्रमुख मेजरसाहेब यांचं तिच्याविषयी मत चांगलं झालं.

पण मी उभा राहिलो, म्हणजे खुर्चीत बसूनच उभा राहिलो आणि लेखी हरकत दिली. मी म्हटलं, साहेब, कागदावर सगळं ठीक आहे, पण खेड्यातली बाई परक्या म्हाताऱ्या पुरुषाच्या अंगाला हात लावणार नाही. चार दिवसांत काम सोडून पळतील आणि आम्ही खाटेवर तसेच राहू. आणि दाखला म्हणून आपल्या घरची गोष्ट सांगितली. गेल्या वर्षी तू पाळीला गेला होतास आणि मी अंगणात पडलो, तेव्हा सूरजची आई घरात होती. पण तिनं रीत मोडली नाही. खांबाआड उभी राहून दादासो येईपर्यंत हाका मारत राहिली, मला हात लावला नाही. ऊन होतं, दादासो लांब रानात होता, वेळ लागला. पण खानदानी बाई अशी असते, असं मी कमिटीत अभिमानानं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मेजरसाहेब म्हणाले, हवालदार, मग डोळ्यांनीच बघू. या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी तिन्ही ठेकेदारांनी सगळ्यांसमोर एका आजारी माणसाची सगळी सेवा करून दाखवायची. जो ते नीट करील त्याला काम. माणूस कोण, असा प्रश्न आला तेव्हा मीच म्हटलं, मी आडवा पडतो. बघू कुठली बाई हात लावते.

तुझा,
तात्याबा

———

शेळगाव
८ मार्च १९९७

तीर्थरूप भावजींना नमस्कार.

पत्र वाचून दाखवलं. अंगणाची गोष्ट आली तिथं यांच्या हातातली तंबाखू मळायची राहिली. मी पुढचं वाचलं.

ज्वारी काढून झाली. सूरजचे पेपर सुरू आहेत. निबंधाचं काम झालं.

एवढंच लिहिते की, ती अंगणातली गोष्ट तुम्ही कौतुकानं सांगितलीत ते मला आवडलं नाही. त्या दिवशी तुम्ही उन्हात पडला होता आणि मी खांब धरून रडत होते. माझ्या हातून ते कौतुकाचं काही झालं नाही. पुन्हा कुणापुढं सांगू नये ही विनंती.

आणि गुरुवारी त्या बायका आल्या म्हणून आधीच भिंतीकडे तोंड करून पडू नये. मानसिंगच्या पोरांना जेवढी संधी द्याल तेवढी त्यांनाही द्यावी. त्या लांबून एसटीनं येणार आहेत.

आपली,
मालन

———

बारामती
३० मार्च १९९७

चि. नानास आशीर्वाद.

हे पत्र तुला लिहितो आहे, कारण गुरुवारी तू इथं नव्हतास आणि जे झालं ते तुला नीट कळलं पाहिजे. आता तुला वाचता येत नाही आणि वाचून दाखवणारं माणूस घरात एकच, त्याला माझा इलाज नाही. सूरजच्या आईने एकही ओळ न गाळता, आवाज बारीक न करता वाचावं. हा थोरल्याचा हुकूम समजावा.

हॉलच्या मधोमध माझी खाट लावली होती. चालती माणसं बाकांवर, न चालती चाकाच्या खुर्च्यांत. समोर मेजरसाहेब, डॉक्टर आणि कलेक्टर कचेरीतल्या बाई. काम ठरलेलं होतं. अंग पुसायचं, कपडे आणि चादर बदलायची, खुर्चीत बसवायचं, जेवू घालायचं.

आधी मानसिंगची पोरं आली. साहेब बघत होते म्हणून त्या दिवशी त्यांच्या अंगात चपळाई होती. एकानं काखेत हात घालून ओढलं, दुसऱ्यानं चादर खेचली. चादर माझ्या पाठीला चिकटली होती. नाना, इथं मी तुला खोटं लिहीत आलो. पडून पडून माझी पाठ दिवाळीपासून सोलवटलेली आहे. पोरं रात्री कूस बदलायला येत नाहीत. मी ओठ दाबून धरला आणि कुणाला कळू दिलं नाही, कारण फौजी माणूस सगळ्यांदेखत ओरडत नाही.

मग पुण्याची कंपनी. पांढरे हातमोजे, तोंडाला फडकी, हात सफाईचे होते, खोटं कशाला बोलू. पण माझ्याशी कुणी बोलेना. पेशंट वळवा, पाठ झाका, पेशंट जड आहे, असं माझ्या डोक्यावरून एकमेकांत चाललं होतं. मी एकाला नाव विचारलं, तर तो म्हणाला, काम चालू असताना बोलायचं नाही असा नियम आहे.

शेवटी मंडळाच्या बायका आल्या. सूरजच्या आईने बजावलं होतं तरी बांगड्या वाजल्या तसं मी भिंतीकडे तोंड केलं. ती नर्स तेजश्री जवळ येऊन म्हणाली की आजोबा, आमची बाई तुम्हाला हात लावील, चालेल का. तोपर्यंत मला कुणी विचारलंच नव्हतं. पण मी हट्टाला पेटलो होतो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की आमच्या घरची बाई असं कधी करणार नाही, तुम्ही तरी का करता.

बांगड्या वाजायच्या थांबल्या. मला वाटलं, गेल्या. म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यातून खाटेच्या कडेला खाली बघितलं, तर दोन पावलं उभी होती.

नाना, तुझं लग्न झाल्यापासून मी त्या बाईची पावलंच पाहिली आहेत. ताट ठेवून जाताना पावलं, उंबऱ्याआड उभी असताना पावलं. उजव्या अंगठ्याशी ऊस तोडताना लागलेला कोयत्याचा वण. बाजारभर बायका उभ्या केल्या तरी ती पावलं मी ओळखीन.

मान वळवून बघतो, तर तिनं डोक्यावरचा पदर काढला आणि कमरेला खोचला. सगळी कमिटी बघत होती. आणि जी बाई माझ्याशी आजवर एक शब्द बोलली नाही, ती म्हणाली, “भावजी, त्या दिशी अंगणात हात लावला न्हाय. आज लावणार हाय. तुमचा हात माज्या गळ्यात टाका.”

मेजरसाहेबांना काही तरी वेगळं आहे हे कळलं. त्यांनी विचारलं, हवालदार, तुमची हरकत आहे का. आता बघ, माझी हरकत तर लेखीच होती. मी नुसती मान हलवली असती तरी त्या बायकांचं काम गेलं असतं, आणि मी कमिटीत बोललो ते खरं ठरलं असतं. माझ्या आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो, लढाईतसुद्धा नाही. माझा उजवा हात चालतो. तो मी उचलला आणि तिच्या गळ्यात टाकला.

तिनं मला वळवलं आणि पाठ बघितली. मग कोमट पाण्यानं पुन्हा चिकटलेली चादर भिजवून थोडी थोडी सोडवली, डॉक्टरांना बोलावून जखम दाखवली, ते सांगतील तशी पुसली. हॉलमध्ये सगळ्यांना ती जखम दिसली आणि मानसिंग बाहेर पाणी प्यायला गेला तो परत आला नाही. खुर्चीत बसवताना तिनं एक हात काखेत घातला, एक पाठीमागून कमरेला आणि आपला गुडघा माझ्या गुडघ्याला लावून मला एका दमात उचललं. आपले बाबा ओढ्याच्या चिखलात रुतलेली मेंढी अशीच उचलायचे. मेंढी म्हटल्याचा सूरजच्या आईने राग मानू नये.

भाकरी दुधात कुस्करून दिली आणि विचारलं, मीठ हवं का. इथं वर्षभरात मला कुणी मीठ विचारलं नव्हतं. मग माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, “साहेब, मी जिचा दाखला दिला ती भावजय हीच. मला ठाऊक नव्हतं. माझी हरकत मी मागं घेतो, अन् नात्याची हाय म्हणून माझं मतबी धरू नका.”

मेजरसाहेब म्हणाले, बरोबर आहे, तुमचं मत धरता येणार नाही, बाकीच्या रहिवाशांना विचारू. ज्यांना मंडळ हवं त्यांनी हात वर करा. नाना, ते तू बघायला हवं होतंस. ज्यांचा उजवा चालत नाही त्यांनी डावा वर केला. आप्पासाहेबांना ऐकू कमी येतं, त्यांना खाणाखुणा करून सांगितलं तर त्यांनी दोन्ही वर केले. दत्तोबाचे दोन्ही हात अधू आहेत, त्यानं खुर्चीतून पाय वर केला, आणि कलेक्टर कचेरीतल्या बाईंनी तो पाय मोजायला लावला.

निकाल अजून यायचा आहे. पण तू तिच्यावर रागावला असशील तर आजपासून सोड. तुला हे आधीच ठाऊक असलं, तर मग मला कळवलं नाहीस म्हणून मी तुझ्यावर रागावलो आहे.

तुझा,
तात्याबा

———

शेळगाव
१७ एप्रिल १९९७

तीर्थरूप भावजींना नमस्कार.

आज यांच्या सांगण्यावरून नाही, माझं मीच लिहिते.

ठेका आम्हाला मिळाला. काल मंडळाच्या नावानं आदेश आला आणि तेजश्रीनं इंदापूरहून निरोप धाडला. मी गोठ्यात होते, शेणाच्या हातानंच रस्त्यापर्यंत पळत गेले. मानसिंगनं तक्रार केली होती की प्रतिनिधीची भावजय मंडळात आहे. त्याला उत्तर गेलं की नातं सगळ्यांसमोर सांगितलं गेलं आणि प्रतिनिधीचं मत धरलंच नाही. ती तक्रार तुमच्या त्या एका वाक्यानं निकालात निघाली.

तुमचं पत्र मी हुकमाप्रमाणे मोठ्यानं वाचलं. पावलांपाशी आले तेव्हा कागद मांडीवर ठेवला. हे म्हणाले, “वाच की, आरडर हाय थोरल्याची,” आणि स्वतःच डोळे पुसत बसले. यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. तुम्ही रागावलात हे ऐकून दोन दिवस जेवले नाहीत नीट, तेव्हा यांना माफी असावी. गावात काही जण कुजबुजतात की नानाची बायको दिराला आंघोळ घालायला निघाली. हे चावडीवर जाऊन म्हणाले, “दिराला न्हाय, फौजीला घालती, अन् सरकारच्या आदेशानं घालती.”

आता माझी कबुली. शिवणक्लास नव्हता, तेजश्रीकडं माणसं सांभाळायला शिकत होते. तुमच्या अंगातली बंडी इंदापूरच्या बाजारातली आहे. तुम्ही शिवणीचं कौतुक लिहिलंत तेव्हा मला पदर तोंडात धरून हसावं लागलं. सूरजला निबंधही नव्हता. आम्ही तुम्हाला फसवलं, पण तुम्हीही पाठ लपवलीत, तेव्हा बरोबरी झाली असं समजा. यापुढं मात्र दुखलं तर दुखलं म्हणायचं. फौजी माणूस वगैरे मी ऐकून घेणार नाही.

आम्ही पहिल्या मेपासून कामाला येतोय. रात्रपाळीला बायका ठेवल्या आहेत, कूस बदलल्याशिवाय कुणाची रात्र जाणार नाही. तुम्ही मात्र मनातून संकोचला असाल, तर तुमच्यासाठी एखादा पुरुष माणूस ठेवू. तसं स्पष्ट लिहावं. मला वाईट वाटणार नाही, असं लिहिते खरी, पण वाटेल.

आपली,
मालन

———

बारामती
२५ एप्रिल १९९७

चि. सौ. मालन हिला तात्याबाचा आशीर्वाद.

इतकी वर्षं नानाच्या नावानं पत्रं घातली. हे तुझं तू वाच, कुणाला वाचून दाखवायची गरज नाही. तुझं नाव लिहायला घेतलं तर पहिल्यांदा हात अडला, दुसऱ्यांदा सुरळीत आला.

पुरुष माणूस नको. ज्या दिवशी अंगणात पडलो, त्या दिवशी उन्हानं नाही, तुझ्या रडण्यानं मी घर सोडायचं ठरवलं होतं. खांबाआडून हुंदके ऐकू येत होते. मनात म्हटलं, आपल्यापायी या पोरीवर पुन्हा अशी वेळ यायला नको. कमिटीत मी त्याला खानदानीपणा म्हणालो, कारण खरं कारण सांगायची मला लाज वाटत होती. आता ती वेळ पुन्हा येणार नाही, हे तूच ठरवलंस. घराण्यातला पहिला फौजी मी, आणि सरकारचा ठेका आणणारी पहिली तू. दोघांत तुझं काम जड आहे.

पहिल्या तारखेला इथं तयारी आहे. चालणारे सगळे फाटकाशी रांगेत उभे राहणार, न चालणारे खुर्च्यांत. आप्पासाहेब मेडल लावणार आहेत, दत्तोबानं पाय चोळून तयार ठेवला आहे. मंडळाची गाडी आत आली की सॅल्यूट द्यायचा, असं ठरलं आहे. हुकूम मी देणार. बाजारातली बंडी घालूनच देणार, कारण ती खरोखर चांगली बसते.

एक मागणं आहे. गाडीतून उतरताना डोक्यावर पदर घेऊ नकोस. गुरुवारी तू समोर होतीस, पण माझे डोळे भरले होते आणि मला नीट काही दिसलं नाही. आमच्या घरात येऊन तुला एवढी वर्षं झाली, आणि मालन, मी तुझा चेहरा अजून पाहिलेला नाही.

तुझा थोरला दीर,
तात्याबा